वऱ्हाडचा कापूस, लिव्हरपूलचा भाव

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस याच बंदरांतून येई. तो आटताच गिरणीमालकांनी मुंबईकडे धाव घेतली. हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा, कचरामिश्रित कापूस त्यांना नकोसा होता. पण गिरण्या बंद ठेवण्यापेक्षा तो बरा.

भाव कडाडले. मुंबईत बँका आणि शेअर कंपन्यांचे पेव फुटले, बॅकबेच्या समुद्रात भर घालण्याच्या योजनेवर सट्टा चालला. 1865 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेने शरणागती पत्करली आणि सगळे कोसळले. प्रेमचंद रायचंदसारखा मातब्बर व्यापारीही त्यात बुडाला.

ही कहाणी बहुधा इथेच संपवली जाते, आणि ते चूक आहे. सट्टा ओसरला, व्यापाराचे नवे मार्ग मात्र कायम राहिले. पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला किंवा घाट उतरून मुंबईला जाई. वाटेत धूळ बसे, अवकाळी पावसाने माल भिजे. 1865 मध्ये थळघाटातून रेल्वे गेली, 1867 मध्ये ती नागपूरला पोहोचली आणि 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी फाटा निघाला. सरकी काढलेली रुई वाफेच्या प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिच्या गासड्या बांधल्या जाऊ लागल्या. सैल रुईने भरणाऱ्या डब्यात आता कितीतरी जास्त माल मावू लागला. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन सागरी अंतर चार हजारांहून अधिक मैलांनी घटले.

सर्वांत खोल परिणाम तारायंत्राचा झाला. 1865 पासून मुंबई लंडनशी तारेने जोडली गेली. लिव्हरपूलच्या कापूस बाजारातल्या भावाची बातमी, जी पूर्वी टपालाच्या बोटीने कित्येक आठवड्यांनी येई, ती आता व्यापाऱ्याच्या पेढीवर लवकर पोहोचू लागली. शेतकऱ्यापर्यंत ती पोहोचेच असे नाही. सावकाराच्या कर्जावर पेरणी केलेल्याला भाव चढेपर्यंत माल धरून ठेवणे परवडत नसे. ते परवडे दलालाला आणि निर्यातदाराला. शिवाय मँचेस्टरचे कापड याच रेल्वेने खेड्यापाड्यांत उतरून हातमागाच्या पोटावर आले.

औद्योगिक युगातला जागतिक व्यापार वाढला तो असा. त्याने वऱ्हाडला जगाच्या बाजारात नेले खरे, पण भावातली जोखीम शेतकऱ्याच्या माथी राहिली आणि नफ्याचा मोठा वाटा इतरांनी नेला.