गळा कुणाचा, सोय कुणाची?

कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा ही तशी जुनीच वस्तू. पण विज्ञानाने आता त्यालाही बोलते केले आहे. कुत्रा कोठे आहे हे मालकाच्या मोबाईलवर दाखवणारा जी.पी.एस. पट्टा बाजारात आला, आणि 'कोणता घ्यावा?' हा प्रश्न श्वानप्रेमी मंडळींच्या गप्पांत निघू लागला. चर्चा बहुधा किमतीची आणि बॅटरीची होते. ज्याच्या गळ्यात तो रात्रंदिवस राहणार, त्या मुक्या जिवाचा विचार मात्र शेवटी होतो, किंवा होतच नाही. माझे म्हणणे असे की, निवड गळ्यापासून सुरू व्हावी.

मित्रहो, प्रथम या यंत्राचे काम समजून घेऊ. किमान ४ उपग्रहांचे संकेत पकडून ते स्वतःचे स्थान ठरवते आणि सिमकार्डाच्या साहाय्याने आपल्याला कळवते. ठावठिकाणा जितक्या वारंवार हवा, तितकी बॅटरी लवकर संपते. ती पुष्कळ दिवस टिकावी म्हटले की मोठी हवी, आणि मोठी म्हणजे जड. आपल्या निर्धास्तपणाचे ओझे असे शेवटी कुत्र्याच्याच मानेवर येते! वन्य प्राण्यांना असे पट्टे घालणारे संशोधकसुद्धा सामान्यतः प्राण्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपलीकडे जात नाहीत. घरच्या सोबत्यासाठी आपण याहून हलके पाहायला नको काय?

वजनाइतकाच आकार महत्त्वाचा. आपल्याकडील कारवानी कुत्रा घ्या. मान लांब, डोके निमुळते, केस आखूड. पट्टा सैल ठेवला तर डोक्यावरून निसटतो, आवळला तर कातडी सोलवटते. त्याला रुंद, मऊ पट्टा आणि मानेला धरून बसणारे चपटे यंत्र हवे. पामेरियनसारख्या लहानखुऱ्या, केसाळ कुत्र्याला तोच रुंद पट्टा जाचेल. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज सरकावीत, ही जुनी कसोटी येथेही खरी. पावसाळ्यात भिजलेला पट्टा काढून मान कोरडी करावी, कातडी लाल झाली आहे का ते पाहावे. यंत्र चार्जिंगला लावले की तेवढा वेळ मानेलाही विश्रांती मिळावी.

कोणी म्हणेल, "एवढी चिकित्सा कशाला? कुत्रा सापडला म्हणजे झाले!" दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून कुत्री पळतात, ही काळजी खरीच आहे. पण म्हणूनच सोय पाहायची. टोचणारा पट्टा कुत्रा खाजवून, घासून काढू पाहतो. मग मालकही दया येऊन तो खुंटीला टांगतो. खुंटीवरच्या पट्ट्याला पत्ता ठाऊक असतो तो खुंटीचा! शिवाय सह्याद्रीच्या एखाद्या दरीत रेंज नसेल, तर आपण कोठे आहोत हे कळूनही पट्ट्याला ते सांगता येत नाही. तेव्हा फोन क्रमांक कोरलेला साधा बिल्ला पट्ट्याला असावाच.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याला कोरडी पोळी खावी लागू नये, एवढीच त्यांची तळमळ. पट्टा घेताना त्या तळमळीचा थोडा अंश आपल्यातही असावा. दुकानात जाताना मोबाईल बरोबर असतोच, कुत्र्यालाही न्यावे.