आकाशदर्शन : ताऱ्यांची जन्मपत्रिका

मनुष्याची पत्रिका आकाशातील ज्योतींवरून मांडण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु खुद्द ताऱ्याचीच पत्रिका मांडावयाची झाली तर ती कोणी व कशी मांडावी? उन्हाळ्याच्या दिवसांत मंडळी गच्चीवर निजली असता घरातील एखादे चुणचुणीत मूल हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारते, "आजोबा, तारे म्हातारे होतात का हो?" आजोबा बहुधा "नीज आता" म्हणून कूस पालटतात. यात आजोबांचा फारसा दोष नाही. त्यांनी आपल्या बालपणी पाहिलेली रोहिणी आज त्यांच्या सत्तराव्या वर्षीही तशीच तांबूस आहे, आणि त्यांच्या आजोबांनी पाहिली तीही तशीच होती. जे बदलताना कोणी पाहिले नाही, त्याचे बालपण व वार्धक्य सांगावयाचे कसे?

अडचण किती मोठी आहे हे एका हिशेबाने ध्यानात येईल. आपल्या सूर्यासारखा तारा सुमारे १,००० कोटी वर्षे तेजाने जळत राहतो. हे आयुष्य शंभर वर्षांचे मानले, तर त्या मानाने मनुष्याचे शंभर वर्षांचे दीर्घायुष्य अवघे अर्ध्या मिनिटाचे ठरते. अर्ध्या मिनिटात शंभर वर्षांची हकीकत लिहून काढण्याचे काम ज्योतिर्विदाने अंगावर घेतलेले आहे!

तथापि अर्धे मिनिट अगदीच निरुपयोगी नसते. अशी कल्पना करा की, कोणी एक परका प्राणी ऐन पंगतीच्या वेळी एखाद्या भरल्या वाड्यात अर्धे मिनिट डोकावला. पाळण्यात तान्हे मूल आहे, ओसरीवर मुंज झालेला बटू परवचा म्हणत आहे, पानावर तरुण मुलगे बसले आहेत, सुना वाढीत आहेत, आणि कोपऱ्यात आजीबाई जपमाळ ओढीत आहेत. त्या प्राण्याने कोणालाही वाढताना पाहिले नाही. पण तो विचारी असेल, तर ही एकाच जातीच्या जीवाची निरनिराळ्या वयांतील रूपे आहेत हे तो ताडील. विल्यम हर्शेल याने १७८९ साली आकाशाला बागेची उपमा दिली ती याच अर्थाने. बागेत अंकुर, फूल, फळ व सुकलेले झाड ही सारी एकाच वेळी दिसतात, मग एकच रोप जन्मभर पाहत बसण्याची गरज काय?

मात्र अशा पाहुण्याची फसगत होण्याचाही संभव असतो. ज्याच्या डोक्यावर तांबडी पगडी तो वयाने मोठा, असा सिद्धांत त्याने ठोकून दिला तर? ज्योतिर्विदांचे प्रथम अगदी असेच झाले. पांढरे-निळे तारे तरुण आणि तांबडे तारे विझत आलेले म्हातारे, असा त्यांचा बराच काळ समज होता. आज तो समज मावळला, तरी उष्ण ताऱ्यांना 'आधीचे' व थंड ताऱ्यांना 'नंतरचे' म्हणण्याची परिभाषा त्या शास्त्रात अद्याप टिकून आहे. रंगावरून ताऱ्याच्या पृष्ठभागाची उष्णता कळते, एवढेच खरे. तांबूस काक्षीची उष्णता सुमारे साडेतीन हजार अंश, पिवळसर सूर्याची साडेपाच हजार आणि शुभ्र व्याधाची दहा हजारांच्या आसपास. वय ओळखावयाचे तर तारा कशाचा बनला आहे, त्याचे वजन किती आणि तो खर्च किती करतो, हे आधी समजले पाहिजे.

तारा कशाचा बनला आहे हे मनुष्याला कधीही कळणार नाही, असे ऑगस्ट काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १८३५ साली निक्षून सांगितले होते. वास्तविक उत्तराची लिपी त्यापूर्वीच सापडलेली होती, ती वाचणारा तेवढा मिळावयाचा होता. लोलकातून सूर्यप्रकाश नेला असता जो सप्तरंगी पट्टा उमटतो, त्यात फ्राउनहोफर या जर्मन काचकारागिराने १८१४ साली पाचशेंहून अधिक काळ्या रेषा मोजल्या होत्या. १८५९ साली किर्खहोफ व बुन्सेन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठराविक जागी पडतात. सोडियमच्या रेषा लोखंडाच्या जागी कधी येणार नाहीत. काँतला वारून अवघी दोन वर्षे झाली होती!

या लिपीच्या इतिहासाशी आपल्या देशाचाही संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण लागले, तेव्हा फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूर येथे येऊन राहिला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. ती पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना, म्हणून इंग्लंडात लॉकियरने ती नव्या द्रव्याची मानली, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम म्हटले. हे द्रव्य पृथ्वीवर १८९५ साली हाती लागले, म्हणजे सूर्यावर आधी सापडले आणि घरात मागाहून! पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सूर्याच्या प्रभामंडलाच्या प्रकाशाची छायाचित्रे घेतली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यास उभारलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख होते. १९१२ साली ती वेधशाळा बंद होऊन तिची यंत्रे कोडाईकनालला गेली.

आता खरा पेच. रेषांवरून कोणती द्रव्ये आहेत हे कळले, पण ती किती आहेत हे कसे कळावे? सूर्याच्या पट्ट्यात कॅल्शियमच्या व लोखंडाच्या रेषा ठळक दिसतात. तेव्हा सूर्य बव्हंशी पृथ्वीसारख्याच द्रव्यांचा, फक्त तापलेला, असे मोठमोठे पंडित मानीत. परंतु सभेत कोणाचा आवाज मोठा यावरून सभेत कोणाची संख्या अधिक हे ठरत नाही. चार माणसे ओरडत असतील आणि चारशे मुकाट्याने बसली असतील. अमुक उष्णतेला कोणत्या द्रव्याचे किती अणू 'बोलू' शकतात, याचे गणित कलकत्त्याच्या डॉ. मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. उष्णतेने अणूंतील इलेक्ट्रॉन सुटून जातात, आणि त्यामुळे रेषा ठळक वा फिक्या होतात, हे त्याचे मर्म होय.

हे गणित हाती घेऊन सेसिलिया पेन नावाच्या एका इंग्रज तरुणीने हार्वर्ड वेधशाळेतील पट्ट्या तपासल्या. त्या केंब्रिजला शिकल्या होत्या. पण ते विद्यापीठ १९४८ पर्यंत स्त्रियांना पुरी पदवी देत नसे, म्हणून १९२३ साली त्या अमेरिकेस गेल्या. ज्या छायाचित्रांवर त्यांनी काम केले त्यांतील ताऱ्यांचे वर्गीकरणही एका स्त्रीनेच केले होते. ॲनी कॅनन यांनी आपल्या हयातीत सुमारे साडेतीन लाख तारे एकेक करून वर्गात बसविले. पेनबाईंचे उत्तर आश्चर्यकारक निघाले. ताऱ्यांत हायड्रोजन व हेलियम हीच द्रव्ये अतोनात असून कॅल्शियम, लोखंड वगैरे केवळ चिमूटभर! हा प्रबंध १९२५ साली सिद्ध झाला. तो वाचून प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल, जे त्या काळी या विषयातील अधिकारी पुरुष होते, त्यांनी कळविले की हा निष्कर्ष संभवतच नाही. पंचविशीतल्या विद्यार्थिनीने काय करावे? आपले आकडे तिने प्रबंधातून काढले नाहीत. पण ते बहुधा खरे नसावेत, अशी पुस्ती मात्र स्वहस्ते जोडली.

चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल निराळ्या मार्गाने त्याच उत्तरास पोहोचले, आणि आधी हे पेनबाईंनी काढले होते असा उल्लेखही त्यांनी केला. आज सर्वमान्य आहे की सूर्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आहे. पेनबाईंना हार्वर्डमध्ये प्राध्यापकाची जागा मिळावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. रसेल काही दुष्ट नव्हते, आणि त्यांच्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यांनी दिलेला सल्ला हितबुद्धीचाच होता. तरी वडिलकीच्या शब्दाने खरे उत्तर चार वर्षे मागे पडले, हे विसरता येत नाही. ज्या घरात वडिलांचा शब्द प्रमाण मानतात, त्या घरातील वडिलांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

हायड्रोजनचा साठा कळला, आणि ताऱ्याच्या आयुष्याची किल्ली सापडली. चार हायड्रोजन अणूंचा एक हेलियम अणू होतो, तेव्हा वजनात शेकडा ०.७ इतकी तूट येते. त्या तुटीचेच तेज होते. ताऱ्यांच्या पोटात हेच चालत असावे, असा तर्क एडिंग्टनने १९२० सालीच केला होता. ही क्रिया नेमकी कशी घडते ते बेथे याने १९३९ साली दाखविले. या हिशेबाने सूर्य दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन खर्चतो. सूर्याला सुमारे ४६० कोटी वर्षे झाली; आणखी ५०० कोटी वर्षे त्याची शिल्लक पुरेल.

ताऱ्याचे वजन जोडताऱ्यांवरून कळते. दोन तारे एकमेकांभोवती किती काळात फिरतात आणि त्यांतील अंतर किती, यावरून त्यांचे वजन गणिताने निघते. असे वजन केल्यावर दिसून आले की, ज्याची मिळकत मोठी त्याचा खर्च त्याहूनही मोठा. सूर्याच्या दसपट वजनाचा तारा सूर्याच्या हजारो पट तेज उधळतो आणि दोन-तीन कोटी वर्षांत दिवाळे काढतो. उलट बारीक तांबडा तारा इतका काटकसरी, की विश्वाला १,३८० कोटी वर्षे झाली तरी त्या जातीचा एकही तारा अद्याप म्हातारपणाने विझलेला नाही.

वयाची परीक्षा होते ती तारकापुंजांत. कृत्तिका हे एकाच मेघातून एकाच सुमारास जन्मलेले कुटुंब आहे. संध्याकाळी एकदम लावलेल्या लहानमोठ्या पणत्यांपैकी कोणत्या विझल्या हे पाहून रात्र किती झाली ते सांगता येईल, येथेही तसेच. कृत्तिकांत निळसर, उधळे तारे अजून जळत आहेत, म्हणून त्यांचे वय सुमारे १० कोटी वर्षे. रोहिणीच्या भोवतालचा जो शकटाकृती पुंज आहे, त्यात तसे तारे उरले नाहीत आणि काही भाऊ फुगून तांबूस झाले आहेत. म्हणून त्याचे वय ६५ कोटींच्या आसपास. खुद्द रोहिणी मात्र त्या कुटुंबातील नव्हे. ती पुष्कळ अलीकडे आहे, आणि केवळ त्याच दिशेस दिसते.

शिल्लक संपली की काय होते? सूर्यासारखा तारा प्रथम फुगून तांबडा राक्षसी तारा होतो, नंतर बाहेरचे वेष्टन टाकून पृथ्वीएवढा लहान श्वेत गोळा उरतो. व्याधाचा सोबती असाच आहे. त्याच्या ओढीने व्याध किंचित डुलतो हे बेसेलने १८४४ साली ओळखले. १८६२ साली तो दुर्बिणीत दिसला. अशा श्वेत गोळ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, इंग्लंडला जाताना बोटीवर गणिताने काढले. त्यांच्याही वाट्याला वडीलधाऱ्यांचा विरोध आला, आणि या कार्याचा गौरव नोबेल पारितोषिकाने १९८३ साली झाला.

अति जड ताऱ्याचा अंत याहून भयंकर. त्याचा गाभा एकाएकी कोसळतो आणि तारा फुटतो. कोसळताना बहुतेक शक्ती न्यूट्रिनो नावाच्या सूक्ष्म कणांच्या रूपाने निघून जावी, असे गणित सांगत होते. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या मेगेलनिक मेघातील एक तारा फुटलेला दिसला, आणि त्याचा प्रकाश पोहोचण्याच्या काही तास आधी जपान व अमेरिका येथील भूगर्भातील टाक्यांत असे सुमारे वीस कण नोंदले गेले होते. १,६०,००० वर्षे चालत आलेल्या त्या वीस पाहुण्यांनी कागदावरच्या गणितावर साक्षीची सही केली.

आता वाचकांस एक विनंती. पौष-माघात रात्री नवाच्या सुमारास घरातील मुलामुलींना घेऊन गच्चीवर जावे. मृगाच्या बाणाखाली तीन अंधुक ठिपके आहेत. त्यांतील मधला धुरकट दिसतो, तो मेघ म्हणजे पाळणा होय. त्यात आजही तारे जन्मत आहेत. कृत्तिका ही तरुण भावंडे, रोहिणी फुगलेली प्रौढा. तांबूस काक्षी ऐश्वर्य उधळून अखेरीस आलेली; २०१९ च्या अखेरीपासून ती काही महिने मंदावली तेव्हा ती फुटणार असा बोभाटा झाला, पण तिने स्वतःच टाकलेल्या धुळीचा तो पडदा होता. आणि व्याधाजवळ, डोळ्यांना न दिसणारा, एक विझत चाललेला आजोबा. सारी पंगत एका नजरेत बसते.

आणि एखाद्या नातीने त्या वेळी काही निराळेच विचारले, तर "असे संभवतच नाही" असे एकदम म्हणू नये. आधी तिचे गणित पाहावे.

पुढील अंकी सूर्यावरील डागांविषयी.