रणगाडा न येताही लोकशाही जाते

लष्करी उठाव म्हटला की रणगाडे आणि टीव्हीवर भाषण देणारा सेनापती डोळ्यांसमोर येतो. इजिप्तमध्ये 3 जुलै 2013 रोजी तसेच झाले. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुहम्मद मुर्सी यांना जनरल सीसी यांनी पदावरून हटवले. इख्वानवाले गेले म्हणून अनेक उदारमतवाद्यांनीही आनंद साजरा केला. 14 ऑगस्टला कैरोच्या राबिआ चौकातील धरणे मोडून काढताना किमान 817 माणसे मारली गेली, असे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवले. मग पाळी मुर्सींच्या विरोधकांची आली. '6 एप्रिल चळवळी'चे अहमद माहेर डिसेंबर 2013 मध्ये तुरुंगात गेले आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यांच्या चळवळीवरही बंदी आली.

हे आपल्याकडे होणार नाही, असे वाटत असेल तर वर्धा जिल्ह्यातील पवनार आठवावे.

25 जून 1975 च्या रात्री भारतात आणीबाणी लागू झाली. लष्कर बराकीतच होते. जे झाले ते कागदावरच्या सहीने झाले. ती सही राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची होती. पण म्हणून मुसलमानांना सवलत मिळाली नाही. 4 जुलैला संघाबरोबरच जमाअत-ए-इस्लामीवरही बंदी आली. एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक 'मिसा'खाली एकाच तुरुंगात आले. पुढच्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटला घरे पाडली गेली आणि विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. 28 एप्रिल 1976 रोजी तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की, आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी नकार दिला.

त्या काळात आचार्य विनोबा भावे पवनारच्या आश्रमात एक वर्षाचे मौन पाळत होते. 'अनुशासन पर्व' हे त्यांचे दोन शब्द सरकारने आणीबाणीला मिळालेला आशीर्वाद म्हणून देशभर वापरले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला: शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. जानेवारी 1976 मध्ये पवनारला जमलेल्या आचार्यांनी परिस्थिती पूर्ववत करावी असे सुचवले. सरकारने तिकडे लक्ष दिले नाही.

जून 1976 मध्ये त्याच आश्रमात पोलीस आले. गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याचा विनोबांचा निर्धार 'मैत्री' मासिकात छापला होता, म्हणून अंकाच्या प्रती जप्त झाल्या. ज्यांच्या शब्दाचा सरकारने आधार घेतला, त्यांचेच शब्द आता सरकारला नकोसे झाले.

विनोबांची ती मागणी मला मान्य नाही. खाटीक आणि कुरेशी समाजाच्या पोटावर येणारी गोष्ट मी कशी मान्य करू? पण 'मैत्री'ची जप्ती हा जुल्मच होता. आपल्या विरोधकावर जुल्म झाला तरी तो जुल्मच असतो. शत्रुत्वामुळे न्याय सोडू नका, ही कुरआनची ताकीद आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. ती पाळण्याची वेळ अशाच प्रसंगी येते.

1977 मध्ये देशाने इंदिरा गांधींना हरवले. त्यानंतर 44 वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. ही मोठी कमाई आहे. पण खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्याची तरतूद घटनेत राहिलीच, आणि 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने ती पुन्हा सरकारच्या हाती दिली. त्यासाठी आणीबाणी पुकारण्याचीही गरज नाही.

म्हणून उद्या कुणाला उचलल्याची बातमी आली की आपण आधी त्याचा पक्ष, धर्म किंवा जात विचारू नये. त्याच्यावर आरोप काय आहे, त्याला कोर्टापुढे उभे केले का आणि वकील मिळाला का, हे विचारावे. तो संघाचा असो, नक्षलवादी म्हणून पकडलेला असो की आपल्या मोहल्ल्यातला पोरगा असो, प्रश्न हेच तीन असावेत. केवळ आपल्या माणसासाठी ते विचारत राहिलो, तर आपली पाळी येईल तेव्हा विचारणारा कुणी बाहेर उरलेला नसेल.