पिल्लांचे बारसे आणि प्रशासनाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी उत्तरेतील एका राज्यात असताना माझ्याकडे इतर कामांबरोबर एका प्राणिसंग्रहालयाच्या देखरेख समितीचेही काम होते. एके सकाळी दूरध्वनी आला की वाघीण व्यायली आहे, तीन पिल्ले आहेत आणि पुढच्याच आठवड्यात मान्यवरांच्या हस्ते त्यांचे बारसे करायचे ठरले आहे. मी पोहोचलो तेव्हा मांडव घालणे सुरू होते. वाघिणीच्या आतल्या खोलीपाशी एक वयस्क प्राणिपाल, ज्याला तिथे सगळे कीपरच म्हणत, दाराला पाठ लावून बसला होता. मला पाहून तो उठला, पण दारापासून हलला नाही. हलक्या आवाजात म्हणाला, "साहब, अभी कोई न आए तो अच्छा. डर गई तो बच्चों को छोड़ देगी."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. वाघाचे पिल्लू जन्मतः सुमारे एक किलो वजनाचे आणि आंधळे असते. त्या दिवसांत वाघिणीला अंधार, शांतता आणि ओळखीच्या एखाद्याच माणसाची चाहूल हवी असते. गडबड झाली तर ती पिल्लांना पाजणे सोडते, प्रसंगी मारूनही टाकते. मग बाटलीचे दूध आणि माणसाची ऊब यांवर पिल्लू वाढवावे लागते. असे पिल्लू छायाचित्रात गोजिरवाणे दिसते, पण स्वतःच्या जातीत कसे वागावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

समारंभ पुढे ढकलला गेला, रद्द झाला नाही. आणि तो पुढे ढकलण्यासाठी मला जी टिपणी लिहावी लागली तिच्यात वाघिणीचे कारण पुरेसे ठरले नाही. मान्यवरांच्या सुरक्षेचे कारण द्यावे लागले.

वास्तविक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील कलम 38 जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना गोंगाटाने किंवा अन्य प्रकारे त्रास देण्यास मनाई आहे. शाळेची सहल आरडाओरडा करू लागली की आपण हे कलम पाटीवर दाखवतो. मात्र लाल दिव्याच्या गाड्यांच्या त्या दिवसांत ताफा आत शिरला की ती पाटी कोणालाच दिसत नसे. दिवे 2017 साली गेले, ताफे आहेतच.

माझा आक्षेप केवळ समारंभाला नाही. आक्षेप आहे तो पिल्लाच्या जन्मालाच यश मानण्याच्या प्रशासकीय सवयीला. जन्म हा मोजायला सोपा आकडा आहे. तो वार्षिक अहवालात शोभतो, वर्तमानपत्रात छापून येतो आणि त्या आठवड्यात तिकीटविक्री वाढते. त्या प्राण्याचे पुढचे पंधरा-वीस वर्षांचे आयुष्य मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही.

दिल्लीच्या हौज खास येथील हरीण उद्यान घ्या. 1960 च्या दशकात तिथे सहा चितळे आणली. पाडसे होत गेली, लोक कौतुक करीत राहिले. सहाची सुमारे सहाशे झाली. अखेर 2023 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्या उद्यानाची मान्यता रद्द केली. वेगाने वाढलेली संख्या, जवळच्या नात्यातील संकर आणि रोगाचा धोका ही त्यामागची कारणे होती. प्रत्येक पाडस जन्मले तेव्हा ती आनंदाची बातमी होती. सर्वांची बेरीज झाली तेव्हा ती समस्या ठरली. ही बेरीज वेळेवर करणे हेच तर प्रशासनाचे काम नव्हे काय?

पंजाबातील छतबीडची कथा याहून बोलकी आहे. तेथे आशियाई सिंहांचा सर्कशीतून आलेल्या आफ्रिकी सिंहांशी संकर झाला. वर्षानुवर्षे छावे जन्मले. त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी निघाली, संवर्धनाच्या दृष्टीने त्यांचे मूल्य शून्य होते, आणि शेवटी नरांची नसबंदी करून तो वंश थांबवावा लागला.

पांढऱ्या वाघाचे तर आपल्याला अजूनही अप्रूप वाटते. 1951 साली रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन या वाघाची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावली गेली आणि 1958 साली पांढरे बछडे झाले. पुढच्या अनेक पांढऱ्या वाघांच्या वंशावळी या बाप-लेकीपाशी जाऊन पोहोचतात. पांढरा रंग ही वाघाची वेगळी जात नाही. तो एक अप्रभावी जनुक आहे, आणि तो टिकवण्यासाठी नात्यात संकर करीत राहिल्याने व्यंगे वाढतात. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने 2011 साली आपल्या सदस्यांना असे प्रजनन मुद्दाम करण्यास मनाई केली. आपल्याकडे पांढरा बछडा अजूनही पहिल्या पानाची बातमी असते.

मुंबईच्या राणीच्या बागेतील प्रसंग वाचकांना आठवत असेल. 15 ऑगस्ट 2018 रोजी पेंग्विनचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले आणि भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन म्हणून त्याचा गाजावाजा झाला. 22 ऑगस्टला ते गेले. यात डॉक्टरांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण कोवळ्या पिल्लांचे मृत्यू निसर्गातही होतातच. दोष आहे तो आठ दिवसही न थांबणाऱ्या आपल्या उतावीळपणाचा.

यावर दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा की प्रजनन होते म्हणजे प्राणी सुखात आहेत. हे अर्धसत्य आहे. हौज खासची चितळेही वीत होतीच. दुसरा असा की पिल्ले पाहून मुलांना प्राण्यांचा लळा लागतो. हे मला मान्य आहे. पण ज्याला आई आहे आणि आईपाशी राहण्याइतकी जागा आहे अशा पिल्लाचा लळा लागावा. हातात धरून छायाचित्र काढण्याच्या वस्तूचा लळा मुलांना चुकीचा धडा देतो.

याच देशात वेगळे उदाहरणही आहे. दार्जिलिंगचे पद्मजा नायडू हिमालयीन प्राणी उद्यान लाल पांडाचे प्रजनन वंशावळीची नोंद ठेवून करते, त्यासाठी प्रेक्षकांपासून दूर तोपकेदारा येथे स्वतंत्र केंद्र चालवते आणि तयार झालेले प्राणी सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडते. 2003 साली दोन माद्या सोडल्या. 2022 ते 2024 या काळात आणखी नऊ पांडा सोडले गेले. आकडे लहान आहेत, पण तिथे जन्माला येणाऱ्या पिल्लाचे पुढे काय करायचे हे आधी ठरलेले असते.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत. पहिली, पिल्लू आईपासून सुटे होऊन खाऊ-पिऊ लागेपर्यंत जाहीर वाच्यता नको आणि समारंभ तर कधीच नको. दुसरी, जन्माची बातमी देणाऱ्याने मृत्यूची बातमीही त्याच ठळकपणे द्यावी. तिसरी, जोडी लावण्यापूर्वी फाइलवर एक प्रश्न लिहिलेला असावा: हे पिल्लू दहा वर्षांनी कुठे असेल? चौथी, संचालकाचे मूल्यमापन तिकीटविक्रीवर न करता प्राणिपालांची किती पदे भरलेली आहेत यावर करावे.

ही शेवटची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहाटे पिंजरा झाडणारा, शेण-मूत्र पाहून आजार ओळखणारा, मांस तोलून देणारा आणि कोणत्या वाघिणीने आज तोंड फिरवले हे वहीत न लिहिताही लक्षात ठेवणारा माणूस हाच प्राणिसंग्रहालयाचा कणा आहे. दाराला पाठ लावून बसलेला तो कीपर त्या वेळी रोजंदारीवर होता. पुढे बारसे झाले तेव्हा व्यासपीठावरच्या खुर्च्यांत त्याची खुर्ची नव्हती. तिन्ही पिल्ले तोवर जगली होती ती मात्र त्याच्यामुळे.