मानसी, बन्सी आणि आम्ही रसिक

आवडत्या गायकाच्या आयुष्यावर त्याच्या अथवा त्याच्या वारसांच्या संमतीवाचून कुणी चित्रपट काढला, की रसिकाच्या मनात एक चमत्कारिक द्वंद्व सुरू होते. पाहण्याची उत्सुकता असते आणि पाहिल्यावर किंचित अपराधीही वाटते. साम्य हुबेहूब असेल तर ते उसने वाटते, नसेल तर 'हे ते नव्हेच' अशी तक्रार असते. या अस्वस्थतेची भाबडी व्यक्तिपूजा म्हणून बोळवण करणे सोपे आहे. आमच्या मते तिच्यात वाङ्मयीन नीतीचा एक खरा प्रश्न दडलेला आहे.

मराठी रसिकाला हा प्रश्न सर्वांत जवळून भिडला तो सई परांजपे यांच्या 'साज' या १९९८ साली प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटामुळे. गायक पित्याच्या दोन मुली, मानसी आणि बन्सी, पोरक्या होऊन मुंबईत येतात आणि पार्श्वगायिका होतात. थोरलीचे नाव आधी होते, धाकटीला तिच्या सावलीतून वाट काढावी लागते. मानसी झाली होती अरुणा इराणी, बन्सी शबाना आझमी. नावे काल्पनिक होती आणि चित्रपटाने स्वतःला चरित्रपट म्हणवले नव्हते. तरीही लता मंगेशकर आणि आशा भोसले यांची आठवण न होता तो पाहिलेला प्रेक्षक विरळाच. आशाताईंनी एका मुलाखतीत या चित्रपटावर उघड नापसंती दर्शवली. एकदोन प्रसंग उचलून ते फुगवले, असा त्यांचा रोख होता.

येथे रसिकाची खरी कोंडी होते. दिग्दर्शिका कुणी उपटसुंभ असती, तर 'गॉसिप' म्हणून विषय संपवता आला असता. पण 'स्पर्श' आणि 'कथा' देणाऱ्या सईंच्या माणूस वाचण्याच्या शक्तीविषयी आम्हांला आदर आहे. एकाच व्यवसायात, एकाच बाजारात उभ्या राहिलेल्या दोन बहिणींमध्ये माया आणि ईर्षा कशी एकत्र नांदते, हा शोध घेण्याजोगाच विषय आहे. त्यामुळे मन एकदा कलावंताच्या स्वातंत्र्याकडे झुकते, तर एकदा त्या दोन ओळखीच्या स्वरांकडे.

पार्श्वगायनाच्या बाबतीत ही कोंडी अधिकच नाजूक होते. हा स्वर आपल्याला नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी ओठांवरून मिळाला. गाणारीचे आयुष्य श्रोत्याला दिसत नव्हते. ते त्याने रेडिओपाशी बसून स्वतःच्या मनात रचले. चित्रपट नेमकी हीच रचना मोडतो आणि तिच्या जागी एक तयार चेहरा बसवतो. त्यात गंमत अशी, की 'साज'मधल्या गायिकांनाही गाण्यासाठी दुसऱ्यांचाच गळा घ्यावा लागला!

परदेशात हा वाद बहुधा हक्कांच्या वाटेने जातो. जिमी हेंड्रिक्सच्या लंडनमधील १९६६-६७च्या दिवसांवर जॉन रिडली यांनी २०१३ साली चित्रपट केला. वारसांच्या कंपनीने हेंड्रिक्सची स्वतःची गाणी वापरू दिली नाहीत. मग पडद्यावरचा हेंड्रिक्स इतरांचीच गाणी वाजवत राहिला. याचा अर्थ असा, की गाणी रोखून धरता येतात, आयुष्य येत नाही. आणि घाव बसला तो आयुष्याच्याच बाजूला. त्या काळातील त्याची मैत्रीण कॅथी एचिंगहॅम यांनी, चित्रपटात आपल्याला झालेली दाखवलेली मारहाण घडलीच नव्हती, असे जाहीरपणे सांगितले. पण त्यांचे म्हणणे कितीजणांपर्यंत पोचले असेल?

मग संमती हाच उपाय का? तसेही दिसत नाही. २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला क्वीनच्या वादकांचे पाठबळ होते, गाणीही सगळी होती. त्यात फ्रेडी मर्क्युरी आपल्या आजाराची बातमी १९८५च्या 'लाइव्ह एड'पूर्वी सहकाऱ्यांना सांगतो. निदान मात्र १९८७चे मानले जाते. संमतीने गाणी मिळाली, सत्य मिळालेच असे नाही. शिवाय केवळ संमतीनेच चरित्रे लिहायची ठरली तर आपल्याकडे आरत्यांखेरीज दुसरे काही उरणार नाही, आणि आरत्यांची आपल्याकडे आधीच वाण नाही.

मराठीच्या अध्यापकांना याचा पडताळा वर्गात येतो. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) वाचलेले विद्यार्थी माधवराव-रमाबाईंचे कल्पित संवाद इतिहास म्हणून बिनदिक्कत लिहितात. तेथे निदान दोनेक शतकांचे अंतर आहे. जिवंत माणसाला असे अंतर मिळत नाही. तिने खुलासा केला, तर 'ती मीच' अशी कबुली ठरते. मौन पाळले, तर संमती समजली जाते.

म्हणून आमचे मत असे. परवानगी ही कलाकृतीची पूर्वअट असू नये. मात्र परवानगी न घेणाऱ्याची जबाबदारी अधिक असते. त्याने एक तर खरे नाव घेऊन पुराव्याला उत्तर देण्यास बांधील राहावे, किंवा कल्पना इतकी दूर न्यावी की मूळ माणूस तिच्यातून मोकळा होईल. कुतूहल खऱ्या नावावर जागवायचे आणि आडोसा खोट्या नावाचा घ्यायचा, हा मधला मार्ग आम्हांला पटत नाही. सईंविषयीचा सारा आदर राखूनही 'साज'विषयी आमची तक्रार हीच आहे.

उरले रसिकाचे कर्तव्य. अशा चित्रपटांवर बंदी मागणे हे त्याचे काम नव्हे. ते पाहावेत, त्यांवर भांडावे; पण पडद्यावरचा प्रसंग घडलेली गोष्ट म्हणून पुढच्या पिढीच्या हाती देऊ नये. लताबाईंना जाऊन (२०२२) आता काही वर्षे झाली. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे कमी होत जातील, तसतसे चित्रपटातले आयुष्यच खरे मानले जाण्याचा संभव वाढत जाईल. स्वर आपल्याला मिळाला तो गाणाऱ्याने दिला म्हणून. आयुष्य त्याने आपल्याला दिलेले नव्हते, एवढे भान रसिकाने तरी ठेवावे.