जोतें आणि माडी

मागील महिन्यांत आमच्या आळींतील एक दोन चौकी वाडा उतरविला गेला. सागवानी खांब व तुळया रस्त्याच्या कडेला रचून ठेविल्या होत्या आणि त्यांचा भाव चालला होता. घरीं परतल्यावर तोच विषय निघाला. पुतण्या म्हणाला, "काका, आपला वाडाहि आतां फार दिवस निभणार नाहीं. पावसाळ्यांत माजघरांत चार ठिकाणीं पातेलीं मांडावीं लागतात, आणि आईला न्हाणीघरासाठीं या वयांत जिना उतरावा लागतो." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. काठी घेतली आणि शनिवारवाड्याची वाट धरली.

पहिल्या बाजीरावांनीं शनिवार, ता. १० जानेवारी १७३० रोजीं या वाड्याचा पाया घातला. वास्तुशांत ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, तोहि शनिवारच. खर्च आला त्या वेळचे १६,११० रुपये. पुढील पेशव्यांनीं त्यांत चौक, महाल आणि कारंजीं यांची भर घातली. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीनें धडक देऊं नये म्हणून बसविलेले अणकुचीदार खिळे आजहि पाहावयास मिळतात. तटाचें काम नीट पाहावें: खालीं दगड, वर वीट. आंतील महालांचीहि तीच रीत होती. जोतें दगडाचें, त्यावर विटांचें आणि सागवानाचें काम. ता. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं वाड्यास आग लागली आणि माड्या भस्म झाल्या. उरलीं तीं जोतीं. म्हणजे पाया घातल्यास पुरतीं शंभर वर्षेंहि झालीं नव्हतीं!

वाचकहो, येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. शिक्षकीच्या काळांत मुलांच्या कित्येक तुकड्या आम्हीं या जोत्यांवरून फिरविल्या. नारायणरावांचा १७७३ मधील वध सांगतांना आमचा आवाज चढे आणि मुलें श्वास रोखून ऐकत. परंतु ज्या पाथरवटानें हें जोतें घडविलें, ज्या सुतारानें त्यावर खांब उभा केला, त्यांच्या विद्येविषयीं आम्हीं कधीं एक अक्षर उच्चारलें नाहीं. मुलांनीं खून तेवढा लक्षांत ठेविला. घर कोणीं पाहिलेंच नाहीं.

परत येतांना विश्रामबागवाड्यापुढें थांबलों. दुसऱ्या बाजीरावांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा बांधविला, आणि शनिवारवाड्यापेक्षां त्यांस येथेंच राहणें अधिक रुचे. दर्शनी सज्जाचे सुरूच्या आकाराचे लांकडी खांब अद्याप डौलानें उभे आहेत. हें लांकूड तरी आगीपासून सर्वस्वीं सुटलें काय? नाहीं. १८७९ मध्यें या वाड्याचाहि कांहीं भाग जळाला. पण तो पुन्हा बांधून काढण्यांत आला. कारण वाडा कामांत होता. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्यें येथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली, आणि पुढें कांहीं काळ नगरपालिकेची कचेरीहि येथें होती. ज्या घरांत माणसांची वर्दळ असते, त्याचें गळकें कौल कोणीतरी बदलतो.

'वास्तु' हा शब्द 'वस्', म्हणजे राहणें, या धातूपासून झाला आहे. हें आम्हीं वर्गांत शेकडों वेळां सांगितलें असेल, पण त्याचा अर्थ त्या सायंकाळीं कळला. राहणाऱ्यांस जेथें सुख नाहीं तें केवळ बांधकाम होय. वहिनींनीं भिजत जिना उतरावा आणि आम्हीं कडीपाटाचें कौतुक करावें, हें धर्मास धरून नाहीं.

म्हणून रविवारीं आम्हीं नातवास हाताशीं घेतलें, टेप व वही काढली आणि वाडा मोजावयास आरंभ केला. किती खण, तुळईची लांबी किती, भिंतीची जाडी किती, कोनाडे कोठें, देवघराचें तोंड कोणीकडे, सर्व लिहिलें. मोजतांना असें दिसलें कीं माजघरालगतच्या जुन्या कोठीच्या खोलींत न्हाणीघर सहज होईल, आणि वहिनींचें बिऱ्हाडहि खालीं आणतां येईल. पुतण्यास वही दाखविली. तो म्हणाला, "काका, गवंड्याला विचारून पाहूं." वाडा राहील किंवा न राहील, परंतु ज्यांच्या घरीं हाच प्रश्न पडला असेल, त्यांनीं उतरविण्यापूर्वीं एकदां मोजून पाहावा, एवढीच विनंति.