अकीक्याला बाळाची सीट द्या

बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसलं की ते सुरक्षित, असं आपल्याकडे सगळेच मानतात. आईच्या मांडीइतकी ऊब दुसरीकडे नाही, हे खरं. पण ऊब वेगळी आणि पकड वेगळी. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी कशावर तरी आदळली, की 10 किलोचं बाळ क्षणभर सुमारे दीडशे किलोच्या ओझ्यासारखं पुढे ओढलं जातं. कोणत्या आईचे हात ते पेलतील?

पुढची सीट तर आणखी धोक्याची. डिसेंबर 2024 मध्ये वाशीत वडिलांच्या कारमध्ये पुढे बसलेला 6 वर्षांचा मुलगा अपघातात एअरबॅग उघडल्यावर दगावला. एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाने बनते. लहान मुलाच्या तोंडावर आणि मानेवर तिचा तडाखा बसतो.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं. 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळाची सीट नसेल, तर 1000 रुपये दंड. आमच्या यवतमाळात हे किती घरांना ठाऊक आहे? आर्णी, महागाव, उमरखेडकडचा रस्ता मोठा झाला, गाड्यांचा वेग वाढला. लग्नाला निघताना मात्र अजूनही पाचांच्या गाडीत आठ जण आणि मुलं मांडीवर.

‘अल्लाह निगेहबान आहे,’ असं कुणी म्हणतं. बेशक आहे. पण औलाद ही त्याची अमानत आहे, आणि अमानत सांभाळायची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे. सफरची दुआ पढावी आणि बेल्टही लावावा.

सीट महाग पडते, ही अडचण खरी आहे. म्हणून माझं म्हणणं असं: ज्या घरी कार आहे, तिथल्या अकीक्याला मामा, चाचा, फुफू वेगवेगळे कपडे आणि चांदीचे तोडे देतात, त्याऐवजी सर्वांनी मिळून एक सीट द्यावी. ती मागच्या सीटवर घट्ट बसवावी आणि तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावं. बाळ मोठं झालं की सीट खानदानातल्या पुढच्या बाळाकडे जाऊ द्या. फक्त ती अपघातातली नसावी आणि तिचे पट्टे शाबूत असावेत.

बाळ सुरुवातीला रडेल. रडू द्या. दोन-चार फेऱ्यांत त्याला सवय होईल.